घोडा विकणें आहे

गेल्या चार-सहा महिन्यांत घोड्यांच्या विक्रीच्या ज्या जाहिराती वर्तमानपत्रांतून व मोबाईलवरून आमच्या नजरेस आल्या, त्या सर्व आम्हीं मुद्दाम लक्षपूर्वक वाचल्या. ज्याच्या अंगीं एखादी खोड आहे असा एकही घोडा त्यांत आम्हांस आढळला नाहीं. सगळे घोडे अस्सल, सगळे गरीब, सगळे वाऱ्याशीं स्पर्धा करणारे, आणि सगळ्यांचे मालक केवळ ‘जागेअभावीं’ विकावयास निघालेले! इतकीं निर्दोष जनावरें या देशांत असतांना घोडा घेऊन गेलेला मनुष्य महिन्याभरांत कपाळास हात लावून कां बसतो, हें कोडेंच आहे. आमच्या मतें त्या कोड्याचें उत्तर घोड्यांत नसून जाहिरातींत आहे. आपल्या वाचकांपैकीं कित्येकांच्या दारीं घोडी असते, म्हणून या विषयावर चार शब्द लिहिणें अस्थानीं होणार नाहीं.

हौस म्हणून असो कीं जोडधंदा म्हणून असो, शेतकरी घोडी पाळतो. ती अकरा महिन्यांनीं विते, शिंगरूं बघतां बघतां दोन-अडीच वर्षांचें होतें, आणि मग विचार पडतो. दाणावैरण जवळजवळ मोठ्या घोड्याइतकी लागते, काम मात्र कवडीचें नसतें. दोन जनावरें उभीं पोसणें परवडत नाहीं व शिंगरूं विकणें भाग पडतें. पूर्वीं यास बाजाराची एकच वाट होती. दत्तजयंतीस तापीकांठीं सारंगखेड्यास, किंवा मार्गशीर्षाच्या अखेरीस नांदेड जिल्ह्यांतील माळेगांवीं खंडोबाच्या यात्रेस जनावर नेऊन उभें करावयाचें. हे बाजार आजही भरतात. तेथें दलाल कितीही बोलला तरी घोडा समोर उभा असतो. गिऱ्हाईक तोंड उघडून दांत पाहतें, पाय उचलून खूर पाहतें, चार पावलें चालवून पाहतें, आणि मगच रुमालाखालीं बोटें धरलीं जातात. जिभेची चूक तेथें डोळा दुरुस्त करतो. जाहिरातींत ही सोय नाहीं. तेथें घोड्याच्या जागीं शब्द उभा असतो, व त्या शब्दावर भरंवसा ठेवून मनुष्य चार तालुके ओलांडून येतो. म्हणून बाजारांतल्या बोलण्यापेक्षां जाहिरातींतल्या लिहिण्याची जोखीम मोठी आहे.

हें शहाणपण आम्हांस पुस्तकांतून आलेलें नाहीं. तें स्वतःच्या चुकीनें आलें, आणि ती चूक सांगितल्यावांचून पुढें लिहिण्याचा आम्हांस अधिकार नाहीं.

आम्ही महसूल खात्यांत कारकून असतांनाची गोष्ट. आमचे एक बागाईतदार स्नेही कचेरींत आले व म्हणाले, “भाऊसाहेब, घोडीचें शिंगरूं विकावयाचें आहे. तुमचें अक्षर चांगलें, भाषाही चांगली. दोन ओळी झोकदार लिहून द्या.” आपल्या भाषेची स्तुति कोणास आवडत नाहीं? समोरचा कागद ओढून आम्हीं तेथल्या तेथें लिहिलें कीं, ‘उमदा, देखणा, सर्वगुणसंपन्न, वाऱ्याशीं स्पर्धा करणारा, आणि लहान मुलानेंही बसावें इतका गरीब घोडा विकणें आहे.’ शेवटचें वाक्य आपणांस विशेष साधलें असें आम्हांस वाटलें. स्नेह्यांसही तें फार आवडलें, व त्यांनीं तें तसेंच छापविलें.

वस्तुस्थिति अशी होती कीं, शिंगरूं दोन वर्षें चार महिन्यांचें होतें. त्याच्या पाठीवर खोगीर उभ्या जन्मांत दोनदां पडलें होतें, आणि इंजिनाचा आवाज कानीं आला कीं तें बिथरत असे. स्नेह्यांस हें ठाऊक होतें, पण त्यांनीं सांगितलें नाहीं. आम्हांस विचारतां आलें असतें, पण आम्हीं विचारलें नाहीं. शेजारच्या तालुक्यांतील एक गृहस्थ आपल्या बारा वर्षांच्या मुलाकरितां तें घेऊन गेले. आठव्या दिवशीं मुलगा त्यावर बसून शेताच्या वाटेनें निघाला असतां मागून ट्रॅक्टर आला. शिंगरूं उधळलें, मुलगा बांधावर आपटला व त्याचें मनगट मोडलें.

दुसऱ्या दिवशीं बाप जाहिरातीचें कात्रण घेऊन स्नेह्यांच्या ओसरीवर आला. त्यानें आरडाओरड केली नाहीं. कात्रण पुढें ठेविलें, एका ओळीवर बोट ठेविलें आणि म्हणाला, “पाटील, एवढी ओळ कोणीं लिहिली तें सांगा.” स्नेह्यांनीं आमचें नांव घेतलें नाहीं. आम्ही त्याच ओसरीवर बसलों होतों. आम्हींही घेतलें नाहीं.

स्नेह्यांनीं पैसे परत केले व दवाखान्याचा खर्चही दिला. शिंगरूं परत आलें, परंतु त्या आठ दिवसांत त्याला वठणीवर आणण्याच्या नादांत इतका मार बसला होता कीं, तें मोरखी बांधूं देईना. अखेर तें बाजारांत तिसऱ्या हिश्श्याच्या किंमतीस गेलें. मुलाचें मनगट पुढें बरें झालें. शिंगराचें काय झालें तें आम्हांस कळलें नाहीं, आणि चौकशी करण्याचें धैर्यही झालें नाहीं.

ज्या हातानें आम्हीं जागा पाहिल्यावांचून कधीं पंचनामा लिहिला नव्हता, त्याच हातानें न पाहिलेल्या जनावराचें वर्णन खुर्चीवर बसून लिहिलें, ही टोंचणी आज सेवानिवृत्तीनंतरही गेलेली नाहीं. पंचनामा लिहिणारा ‘भव्य वृक्ष’ असें लिहीत नाहीं. ‘आंब्याचीं झाडें तीन, पैकीं एक वठलेलें’ असें लिहितो. जाहिरातीचीही रीत हीच असावी असें आमचें ठाम मत झालें आहे.

आपणां शेतकऱ्यांस याहूनही जवळचा दाखला सातबाऱ्याचा आहे. उताऱ्यावर भोगवटादाराचें नांव, क्षेत्र व आकार हीं असतातच. पण जमीन घेणारा जाणता मनुष्य ‘इतर हक्क’ या सदरावर बोट ठेवल्यावांचून पुढें जात नाहीं. तेथें सोसायटीचा बोजा असेल, विहिरींत कोणाचा हिस्सा असेल, कोणाची वाट असेल. तें सदर भरलेलें आहे म्हणून जमिनी विकल्या जात नाहींत असें नाहीं. घेणारा बोजा पाहतो, हिशेब करतो व घेतो. व्यवहार नासतो तो लपविलेल्या बोज्यानें. घोड्याच्या जाहिरातींतही असें ‘इतर हक्कां’चें सदर पाहिजे, आणि तें भरण्यास मालकानें लाजूं नये, हेंच आमचें एकंदर म्हणणें आहे.

आतां जाहिरातींत काय असावें तें पाहूं. प्रथम वय. शिंगरूं आपल्याच दारीं जन्मलें असेल तर जन्माचा महिना व साल आपणांस पाठ असतें, तेंच लिहावें. येथें खोटें बोलण्यांत शहाणपण नाहीं, कारण घोड्याच्या तोंडांत त्याचा जन्मदाखला असतो. साधारणपणें अडीच वर्षांच्या सुमारास पुढील दुधाच्या दांतांची मधली जोडी पडून नवी येते, साडेतिसाव्या वर्षाची भाषा येथें चालत नाहीं. साडेतीन वर्षांस दुसरी व साडेचार वर्षांस कडेची जोडी बदलते, आणि पांचव्या वर्षीं तोंड पुरें होतें. दोन वर्षांचें शिंगरूं ‘तीन वर्षांचा घोडा’ म्हणून विकणाऱ्याची लबाडी ओंठ वर करतांच उघडी पडते.

दुसरी गोष्ट उंची. ती खांद्यावरील उंचवट्यापासून जमिनीपर्यंत, सपाट व कठीण जागेवर मोजावी व इंचांत लिहावी. ‘पुढें चौसष्ट इंच होईल’ असें लिहूं नये. आपण आजचें जनावर विकतों, उद्यांचें नव्हे. तिसरी गोष्ट जात. कानांचीं टोकें आंत वळलेलीं दिसलीं कीं ‘अस्सल मारवाडी’ लिहिण्याचा प्रघात पडला आहे. काठेवाडीचेही कान तसेच वळतात, व दोहोंच्या मिश्र पैदाशीचेही वळतात. नोंदीचा दाखला असेल तर जात लिहावी. नसेल तर आई कोणती, बाप कोणता, हें माहीत असेल तितकें लिहून ‘दाखला नाहीं’ असें स्पष्ट म्हणावें. भीमाकांठच्या भीमथडी तट्टाला तर उसन्या नांवाची गरजच नाहीं. धनगरांचीं बिऱ्हाडें पाठीवर घेऊन डोंगर चढणारें तें काटक जनावर आहे. त्याला त्याच्याच नांवानें विकण्यांत कमीपणा कसला?

रंग व खुणा ओळखीपुरत्या लिहाव्या. भोवऱ्यांविषयीं मात्र येथें बोललें पाहिजे. देवमण असला कीं किंमत चढते, आणि एखादा भोवरा भलत्या जागीं असला कीं चांगलें जनावर कोणी घेत नाहीं. ज्याची त्याची श्रद्धा ज्याच्या त्याच्यापाशीं. तथापि भोवरा ही घोड्याची उत्तम ओळखखूण आहे व पशुवैद्यही ओळखपत्रावर ती नोंदतात. सबब भोवरे कोठें आहेत तें लिहावें. त्यांचें फळ लिहूं नये. घेणाऱ्याला तें पाहावयाचें असेल तर तो पाहील, व चार तालुके ओलांडून येऊन तोंड फिरवून जाण्याचे त्याचे कष्ट वांचतील.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट शिक्षणाची आहे, आणि बहुतेक जाहिराती नेमक्या येथेंच मुक्या होतात. तरुण घोड्याविषयीं ‘गरीब’ या शब्दास कांहीं अर्थ नाहीं. गोठ्यांत मालकाच्या हातून गूळ खाणारें शिंगरूं गरीबच दिसतें. तें मोरखी बांधूं देतें काय, दोरीबरोबर चालतें काय, चारही पाय उचलूं देतें काय, नालबंदापुढें उभें राहतें काय, वाहनांत चढतें काय, खोगीर किती वेळां पडलें, लगाम दिला आहे काय, कोणी बसलें आहे काय, बसलें असल्यास किती दिवस, हें एकेक लिहावें. ‘नाहीं’ लिहिण्यास भिऊं नये. तीन वर्षांच्या आंत ज्याच्या पाठीवर कोणी बसलें नाहीं तो घोडा कमी प्रतीचा नव्हे. त्याचीं हाडें अजून भरावयाचीं असतात, पाठीचा कणा तर पांच-सहा वर्षांपर्यंत पक्का होत असतो. घाईनें चढलेल्या स्वारापेक्षां न चढलेला स्वार बरा, हें जाणणारें गिऱ्हाईक असतें, आणि तेंच आपणांस पाहिजे असतें.

मग खोडी. बुजतो, चावतो, लाथ झाडतो, दुसऱ्या घोड्यापासून वेगळा केला कीं अडतो, यांपैकीं जें असेल तें एका ओळींत लिहावें. नर असल्यास खच्ची आहे कीं नाहीं, हें विसरूं नये. अशा न शिकविलेल्या नराजवळ लहान मूल देणें म्हणजे विस्तवाशीं खेळ आहे.

आरोग्याचा दाखला हा आतां केवळ सभ्यतेचा प्रश्न राहिलेला नाहीं. ग्लँडर्स नांवाचा रोग २००६ सालीं महाराष्ट्रांत पुन्हा दिसून आला. तो घोडा, गाढव व खेचर यांना होतो, आणि त्यांच्यापासून माणसासही होतो. त्यावर लस नाहीं; जनावर रोगी ठरलें तर २००९ च्या सांसर्गिक पशुरोग कायद्याप्रमाणें तें नष्ट करावें लागतें. रक्ततपासणी झालेली नसतां घोडा एका गांवाहून दुसऱ्या गांवीं धाडणें म्हणजे दुसऱ्याच्या सबंध पागेवर निखारा टाकणें होय. तपासणीची तारीख व धनुर्वाताची लस टोंचल्याची तारीख जाहिरातींत असावी. या दोन तारखा दहा विशेषणांपेक्षां अधिक बोलतात.

छायाचित्राविषयीं थोडेंच सांगावयाचें आहे. झूल, गोंडे व खोगीर काढावें, अंग पुसावें, गवतांत उभा न करितां कठीण जमिनीवर उभा करावा, म्हणजे खूर दिसतील. बाजूनें, त्याच्या छातीच्या उंचीवरून, दहा-पंधरा पावलें दूर राहून घ्यावें. फार जवळून घेतल्यास डोकें मोठें व पाय आंखूड दिसतात. मोबाईलवर जाहिरात द्यावयाची असल्यास घोडा सरळ जातांना व सरळ येतांना चालवून त्याचें चित्रण करावें. लंगडा पाय त्यांत लपत नाहीं.

कोणी विचारील, दोष सांगण्याची कायद्यानें सक्ती आहे काय? यांत एक मौज आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या १७ व्या कलमांत कपट कशास म्हणावें हें समजावितांना जीं उदाहरणें दिलीं आहेत, त्यांतील पहिलीं तिन्ही सदोष घोड्याच्या विक्रीचींच आहेत. लिलावांत मालक घोड्याच्या दोषाविषयीं नुसता गप्प राहिला तर तें कपट नव्हे. पण घेणारी त्याचीच, नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल तर दोष सांगणें त्याचें कर्तव्य होतें. आणि ‘तुम्हीं नाकारलें नाहीं तर घोडा निर्दोष समजेन’ असें गिऱ्हाइकानें म्हटल्यावर मालक गप्प बसला, तर तें मौन बोलण्याच्याच तोलाचें ठरतें. पुढें १९३० च्या मालविक्री कायद्यानें असेंही ठरविलें आहे कीं, वर्णनावरून विकलेला माल त्या वर्णनाशीं जुळला पाहिजे. अर्थात् गप्प बसणारा एखादे वेळीं सुटेल, पण झोकदार लिहिणारा आपल्याच ओळींत सांपडेल. आम्ही तर म्हणतों, वकिलाकडे जाण्याचें कारणच नाहीं. आपल्या मुलीस घोडा देतांना जें जें सांगाल, तें तें जाहिरातींत लिहा, म्हणजे झालें.

स्नेह्यांच्या त्या शिंगराची जाहिरात आज आम्हांस लिहावयाची असती तर ती अशी लिहिली असती:

‘विकणें आहे. नर शिंगरूं, खच्ची न केलेलें. रंग कुमैत, कपाळावर पांढरा टिळा, मागचा डावा पाय पांढरा. आई काठेवाडी, बाप मारवाडी, नोंदीचा दाखला नाहीं. जन्म आमच्याच दारीं, वय २ वर्षें ४ महिने. आजची उंची ५७ इंच. मोरखी व दोरी मानतें, चारही पाय उचलूं देतें. खोगीर दोनच वेळां ठेविलें आहे. स्वार बसविलेला नाहीं. इंजिनाच्या आवाजास बिथरतें. रक्ततपासणी व धनुर्वाताची लस यांचे दाखले समक्ष दाखवूं. घोडा शिकविण्याची माहिती असलेल्या माणसासच देणें आहे. मुलांकरितां अगर वरातीकरितां देणें नाहीं. किंमत अमुक रुपये. गोठ्यांतून काढण्यापासून पाहावयाचें असल्यास सकाळीं लवकर यावें.’

यांत ‘उमदा’ नाहीं, ‘सर्वगुणसंपन्न’ नाहीं आणि वाराही नाहीं. तरी आमची खात्री आहे कीं, ज्याला घोडा कळतो तो ही जाहिरात वाचतांच उठून बसेल. कारण जो मालक इंजिनाचें भय आपण होऊन सांगतो, त्यानें सांगितलेली उंचीही खरी असणार असें तो धरून चालेल. एका खऱ्या दोषानें दहा गुणांस साक्ष मिळते. किंमत छापण्याचेंही कारण हेंच. ‘किंमत समक्ष’ असें लिहिलें कीं रिकामटेकड्यांची रीघ लागते, आणि घेणारा मनांत म्हणतो, ‘माझे कपडे पाहून आंकडा ठरणार.’

आमच्या म्हणण्यावर आक्षेप येईल तो आम्हांस ठाऊक आहे. “भाऊसाहेब, शेजारचा ‘वाऱ्यासारखा’ लिहितो आणि आम्हीं ‘बिथरतें’ लिहावें, मग आमच्या दारीं कोण येणार?” हा आक्षेप खोटा नाहीं. खरें लिहिणाऱ्याकडे येणारे कमी असतील, आणि सांगितलेल्या खोडीचे कांहीं पैसे किंमतींतून जातील, हें आम्ही मान्य करतों. परंतु घोडा विकावयास पन्नास माणसें लागत नाहींत, एक लागतो. आणि सांगितलेल्या खोडीनें जाते ती थोडी किंमत. सांपडलेल्या खोडीनें जातें तें नांव. शेतकऱ्यास आज शिंगरूं विकावयाचें असतें, उद्यां बैलजोडी, परवां बियाणें. पंचक्रोशींत एकदां ‘त्याच्या लिहिण्यावर जाऊं नका’ असें झालें, कीं तो बोजा कोणत्याच फेरफारानें उतरत नाहीं.

तथापि एकट्यानें खरें लिहावें व बाकीच्यांनीं वारा सोडावा, हें अन्यायाचें आहे हेंही खरें. त्याला उपाय एकच, आणि तो आपल्या मंडळाच्या हातचा आहे. मंडळानें जनावरांच्या विक्रीच्या जाहिरातींचा एक ठराविक नमुना ठरवून द्यावा. त्यांत जन्म, उंची, आईबाप, शिक्षण, खोड, तपासणीची तारीख, किंमत अशीं सात सदरें असावीं, आणि ज्याचें एखादें सदर कोरें असेल त्याची जाहिरात या मासिकांत घेऊं नये. खोड नसेल तर ‘खोड नाहीं’ असें मालकानें आपल्या सहीनें लिहावें. सर्वांसच सदर भरावें लागलें म्हणजे तें भरण्याची लाज कोणास उरणार नाहीं. सातबाऱ्यावर बोजा आहे म्हणून आपण कोणी तोंड लपवितों काय?

मंडळाचे चालक या सूचनेचा विचार करोत. नमुना छापून झाला तर तो हातीं भरून देण्यास कोणा सभासदास लेखनिक पाहिजे असेल, त्यांनीं आम्हांस खुशाल बोलवावें. मात्र आतां आम्ही प्रथम गोठ्यांत जाऊन जनावर पाहूं, आणि मगच लेखणी उचलूं.